सात वचनं आणि अर्धा तास: पवित्र वाचनाला सुरुवात करताना

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, पवित्र वाचनाचा एक छोटा गट आहे. नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रोज किती अध्याय वाचायचे?" प्रश्न प्रामाणिक असतो. वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढायचा तक्ता आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी हातात घेतलेला असतो. मी दोनदा घेतला. पहिल्यांदा लेवीयाच्या पुस्तकात अडकले, दुसऱ्यांदा मात्र नेटाने पूर्ण केला. डिसेंबरच्या शेवटी शेवटच्या चौकोनात खूण केली तेव्हा बरं वाटलं. पण त्या दिवशी कुणी विचारलं असतं की वर्षभरात देव तुझ्याशी काय बोलला, तर मला एक वाक्यही सांगता आलं नसतं.

तसं वाचणं वाया जात नाही, त्यातून बायबलची ओळख होते. पवित्र वाचन, ज्याला लॅटिनमध्ये लेक्सिओ डिव्हिना म्हणतात, त्याची रीत मात्र वेगळी आहे. तिथे "किती?" या प्रश्नाचं उत्तर असं: सात-आठ वचनं, अर्धा तास. आणि दुसऱ्याच वचनाने धरून ठेवलं तर तिथेच थांबायचं. बाकीची राहिली तर राहू द्यायची.

ही रीत मठांतून आली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ४८व्या प्रकरणात दिवसाचे काही तास हातांच्या कामासाठी आणि काही तास पवित्र वाचनासाठी बांधून दिलेले आहेत. पुढे बाराव्या शतकात फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातल्या कार्थुसियन पंथाच्या मठाचा प्रमुख दुसरा गिगो याने एका सहकारी बंधूला पत्र लिहिलं. एकदा हाताने काम करता करता आपल्याला आध्यात्मिक साधनेच्या चार पायऱ्या अचानक सुचल्या, असं तो त्यात सांगतो: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. त्याची उपमा थेट जेवणातली आहे. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत त्याची चव लागते आणि चिंतन म्हणजे ती गोडीच. "जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य" हे छोटंसं वचन त्याने द्राक्षासारखं तोंडात धरून दाखवलं आहे. जुने मठवासी या सावकाश चावण्याला सरळ रवंथ म्हणत. गोठ्यात दुपारी बसलेली गाय ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून वेगळं समजवायला नको.

ही साधना फक्त मठवासीयांची नाही, हे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली देवाच्या प्रकटीकरणावरच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केलं. धर्मगुरूंनी, व्रतस्थांनी आणि सगळ्याच श्रद्धावंतांनी धर्मग्रंथ वारंवार वाचावा आणि त्या वाचनाला प्रार्थनेची जोड असावी, असं परिषद सांगते. माझ्या आजीच्या घरात संध्याकाळची रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कधी चुकली नाही, पण बायबल नव्हतं. आज ते प्रत्येक घरात आहे, बऱ्याचदा वेदीच्या फळीवर, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. पहिलं काम म्हणजे ते वेष्टन काढणं.

आदल्या रात्रीची तयारी

कोणतं बायबल घ्यावं? कॅथलिक आवृत्तीत ७३ पुस्तकं असतात, प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६. शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं जीवन सांगणारी चार पुस्तकं, दोन्हींत सारखीच असल्यामुळे सुरुवातीला यावरून अडू नका, मात्र पुढे सिराखचं किंवा तोबीतचं पुस्तक हवं झालं तर कॅथलिक आवृत्ती लागेल. भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' हाती घ्या. त्यातली मराठी आजची आहे. मोबाइलवरचं बायबल प्रवासात सोयीचं, पण या अर्ध्या तासासाठी मी ते कुणालाच सुचवत नाही. वर टपकणारा एक निरोप पुरतो, आणि मन वचनावरून उठून गॅसच्या बुकिंगवर जाऊन बसतं. माझा फोन त्या वेळी स्वयंपाकघरात फ्रिजवर असतो.

वाचायचा उतारा आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचलं जाणारं शुभवर्तमान घ्यायचं. त्यात आपल्याला निवड करावी लागत नाही आणि त्याच दिवशी जगभरची ख्रिस्तसभा तेच वचन ऐकत असते. नाहीतर मार्कचं शुभवर्तमान सुरुवातीपासून थोडं थोडं घ्या. ते सगळ्यांत लहान आहे. उताऱ्याखाली टीपा असतील तर त्याही रात्रीच वाचा. अभ्यास हवाच, कारण वचनाचा मूळ अर्थ सोडून आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालायची खोड सगळ्यांनाच असते. पण तो अभ्यास सकाळच्या अर्ध्या तासात आणला की प्रार्थना बाजूला राहते आणि आपण शब्दकोश चाळत बसतो.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचा संदेश समजायचं, हे कृपा करून करू नका. यावर कुणीतरी संत ऑगस्टीनचा दाखला देतंच. इ. स. ३८६, मिलानमधली बाग, लहान मुलाचा आवाज येतो, "घे, वाच", ऑगस्टीन पुस्तक उघडतो, नजर पडते तेवढं वाचतो आणि त्याचं आयुष्य पालटतं. खरं आहे. पण त्या दिवशी त्याच्या हाताशी पौलाची पत्रं होती ती तो आधीपासून झपाटल्यासारखा वाचत होता म्हणून. ते पुस्तक त्याच्याकडे चिठ्ठी काढायला आलं नव्हतं.

बसणं

वेळ रोज एकच ठेवा. माझी सकाळची, डबे भरून झाल्यावर आणि लोकलसाठी निघायच्या आधीची. कुणाला रात्री घर निजल्यावर जमतं. खिडकीजवळची एक खुर्ची, एक मेणबत्ती किंवा पणती, एवढं पुरे. पाठ ताठ आणि पाय जमिनीला टेकलेले असावेत. पलंगावर लोळत सुरू केलेलं वाचन झोपेत संपतं, हा माझा हमखास अनुभव आहे.

लगेच वाचायला लागू नका. दोन मिनिटं नुसतं बसा, श्वास जातो-येतो तिकडे लक्ष द्या, मग पवित्र आत्म्याला बोलवा. पाठ असलेली प्रार्थना म्हणा किंवा "ये, मला ऐकायला शिकव" एवढंच म्हणा. घरी तुम्ही ज्या बोलीत बोलता त्या बोलीत म्हणा. आमच्या गटात वाचन प्रमाण मराठीत होतं, पण देवाशी बोलताना कुणी वसईकडची सामवेदी बोलतं, कुणी कोकणी. आईशी आपण ज्या बोलीत भांडतो तीच प्रार्थनेत खरी उतरते.

वाचन

आता एक उतारा प्रत्यक्ष घेऊ: मार्क, अध्याय १०, वचनं ४६ ते ५२. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय. सात वचनं आहेत.

मोठ्याने वाचा. निदान ओठ हलू द्यात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या पहिल्या स्तोत्रात धन्य माणसाबद्दल म्हटलंय की तो प्रभूच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा' हा मुकाट विचार करण्याचा नाही, पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या पुस्तकात हाच शब्द भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहाला वापरलाय आणि घुमणाऱ्या पारव्यालाही. वळचणीला बसून एकच सूर पुन्हा पुन्हा घुमवणारा पारवा आठवा. वाचन तसं हवं.

पहिल्यांदा सरळ वाचून काढा. दुसऱ्यांदा सावकाश वाचा आणि कोण काय करतंय याकडे लक्ष द्या. बार्तीमय रस्त्याच्या कडेला बसलाय. तो ओरडतो. लोक त्याला गप्प बस म्हणतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो. त्याला बोलवा, म्हणतो. बार्तीमय अंगावरचा झगा टाकतो आणि उडी मारून उठतो. येशू विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" तो म्हणतो, "गुरुजी, मला दिसावं." त्याला दिसू लागतं आणि तो त्याच वाटेने येशूच्या मागे जातो.

रात्री टीपा वाचल्या असतील तर दोन गोष्टी हाताशी असतील. एक, ही वाट यरुशलेमकडे जाते. लगेच पुढच्या अध्यायात येशू त्या नगरीत प्रवेश करतो, म्हणजे बार्तीमय ज्याच्या मागे निघालाय तो क्रूसाकडे निघालेला आहे. दुसरी, जवळजवळ हाच प्रश्न येशूने थोडं आधी याकोब आणि योहान यांनाही विचारला होता. त्यांनी उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागितल्या. वर्षानुवर्षं बरोबर राहिलेल्या शिष्यांनी खुर्च्या मागितल्या आणि आंधळ्या भिकाऱ्याने नजर मागितली. मार्कने हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवलेत.

मनन

तिसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द पदराला काटा लागावा तसा धरतो. तो सुंदरच असेल असं नाही, महत्त्वाचा वाटेल असंही नाही. तिथे थांबा. पुस्तक मांडीवर ठेवा आणि तेवढाच शब्द मनात घोळवा.

माझं सांगते. हा उतारा मी किती वेळा ऐकला असेन देव जाणे. रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात मार्कच्या वर्षी तो येतोच. दरवेळी मला बार्तीमयची श्रद्धा आठवायची, कारण प्रवचनात तेच ऐकलेलं. एका सकाळी मात्र "येशू थांबला" यापाशी अडकले. दोनच शब्द. येशू यरुशलेमला निघालाय, बरोबर मोठा जमाव आहे, आणि वाटेतल्या एका ओरडणाऱ्या माणसासाठी सगळी मिरवणूक थांबते. माझे सासरे त्या वर्षी अंथरुणाला खिळलेले होते. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. सकाळी मी पर्स खांद्याला लावून दाराकडे निघाले की आतून हाक यायची, आणि मी चप्पल घालता घालता "आले हं संध्याकाळी" असं ओरडून निघून जायचे. लोकल चुकते ना. त्या सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या मला ती हाक ऐकू आली. गर्दीतल्या ज्या लोकांनी बार्तीमयला गप्प बसवलं, त्यांत मी उभी होते.

मनन म्हणतात ते हेच. वचन आपल्या आयुष्याच्या कुठल्या खोलीत शिरतंय ते बघायचं. त्यासाठी हुशारी लागत नाही, जागचं न हलणं लागतं. येशूच्या जन्माच्या वेळचं लूक सांगतो की त्याची आई मरिया हिने या सगळ्या गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांच्यावर मनन केलं. मेंढपाळांचं बोलणं तिला लगेच उमगलं असं तो म्हणत नाही. तिने ते ठेवून घेतलं.

इथे एक मोठा सापळा आहे, आणि भक्तिमान माणसं त्यात आधी सापडतात. "हे वचन जावेने ऐकायला हवं होतं," असा विचार आला की समजा, आपण वचनाखालून उठलो आणि व्यासपीठावर जाऊन उभे राहिलो. धर्मशिक्षण शिकवणाऱ्यांनी आणि प्रवचन करणाऱ्यांनी विशेष जपावं. वचन आधी माझ्यासाठी. जावेचं ती आणि देव बघून घेतील.

प्रार्थना

आतापर्यंत देव बोलत होता, आता तुम्ही बोला. जे वर आलंय तेच बोला. लाज वाटली असेल तर ती सांगा, राग आला असेल तर तोही. शब्द सापडत नसतील तर उताऱ्यातलेच घ्या: "येशू, दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर." पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतली येशूच्या नावाची प्रार्थना याच आरोळीशी नातं सांगते. श्वासाबरोबर ती दहा वेळा म्हटली तरी प्रार्थना झाली.

गोड बोलायची सक्ती नाही. स्तोत्रसंहितेत तक्रारींची स्तोत्रं भरपूर आहेत, आणि ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्या घरातल्या माणसाने आनंदाचं स्तोत्र ओढूनताणून म्हणू नये. त्याने हे ८८वं घ्यावं.

आणि येशूचा प्रश्न स्वतःला विचारून बघा. मी तुझ्यासाठी काय करावं? आपण सहसा यादी वाचून दाखवतो: नोकरी, मुलाचं ॲडमिशन, गुडघे. यादी वाचा, ती देवाला जड नाही. ती संपल्यावर मात्र मिनिटभर तिथेच थांबा. यादीच्या खाली बहुतेक वेळा एक खरी मागणी दबलेली असते.

नुसतं असणं

चौथ्या पायरीबद्दल मी कमी सांगणार, कारण ती आपण चढत नाही, तिथे आपल्याला नेलं जातं. कधीतरी बोलणं आपोआप थांबतं आणि काही हवं-नकोही उरत नाही. १३१व्या स्तोत्रात याचं चित्र आहे: अंगावरचं दूध सुटलेलं मूल आईच्या कुशीत असावं तसा माझा जीव. दूध पिणारं तान्हं आईला बिलगतं ते भुकेने. दूध सुटलेलं मूल बिलगतं ते आई हवी म्हणून.

असं झालं तर मिनिटभर असो की दहा मिनिटं, त्यात राहा. नाही झालं तर शांत बसा, वेळ संपला की "आमच्या स्वर्गातील बापा" म्हणा आणि उठा. काही जाणवलं नाही म्हणून साधना फसली असं मुळीच नाही. आमच्या गटात वर्षानुवर्षं वाचणाऱ्या माणसांचेही बरेच दिवस कोरडे जातात.

उठल्यानंतर

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० साली देवाच्या वचनावरच्या आपल्या प्रबोधनात पाचव्या गोष्टीची आठवण करून दिली: कृती. वाचन आयुष्यात उतरून दुसऱ्यासाठी देणगी होत नाही तोवर ते पूर्ण होत नाही, असं त्यांचं म्हणणं. कृती लहान आणि आजच करता येईल अशी ठरवा. "मी अधिक प्रेमळ होईन" हा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही. माझा त्या दिवसाचा संकल्प होता, निघताना बाबांच्या खाटेजवळ पाच मिनिटं बसायचं. पहिल्या दिवशी हाक कशासाठी होती ते कळलं. त्यांना पंखा एकवर करून हवा होता. रोज सकाळी त्यांना थंडी वाजायची.

एक छोटी वही ठेवा. तारीख, उतारा, धरलेला शब्द, ठरवलेली कृती, चार ओळींच्या वर नको. महिन्याने पानं उलटली की देव एकाच दाराशी पुन्हा पुन्हा येतोय हे दिसतं, जे रोजच्या रोज दिसत नाही.

अडचणी येतातच

मन भटकतं. त्याला रागावू नका. भटकलं हे लक्षात आलं की तो शब्द पुन्हा ओठांवर आणा. अर्ध्या तासात वीस वेळा परत यावं लागलं तर वीस वेळा या. झोप येत असेल तर उभं राहून वाचा, तरीही येत असेल तर शरीराला झोप हवी आहे, आज रात्री लवकर निजा. एखादा उतारा खुपतो, शाप देणारी स्तोत्रं किंवा यहोशवाच्या पुस्तकातल्या लढाया. ते टाळून पुढे जाऊ नका, पण एकट्याने त्यांचा अर्थही लावत बसू नका. वहीत प्रश्न लिहा आणि फादरांना किंवा जाणत्या सिस्टरांना विचारा. आणि एखादं वचन वाचून आयुष्यातला मोठा निर्णय घ्यावासा वाटला, नोकरी सोडायची, लग्न मोडायचं, तर आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नका. वचन ख्रिस्तसभेच्या हाती सोपवलेलं आहे, ते आपण तिच्याबरोबरच वाचतो.

एकट्याने टिकत नसेल तर चार-पाच जण मिळून करा. आमची पद्धत साधी आहे. एक जण उतारा वाचतो, मग पाच मिनिटं शांतता. दुसरा जण तोच उतारा वाचतो, आणि प्रत्येकाने आपल्याला धरलेला शब्द फक्त उच्चारायचा, स्पष्टीकरण द्यायचं नाही. तिसऱ्या वाचनानंतर ज्याला हवं त्याने दोन वाक्यांत सांगायचं की हे वचन आज माझ्याकडे काय मागतंय. कुणी कुणाला दुरुस्त करत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. हा नियम आम्ही काटेकोर पाळतो, कारण एकदा चर्चा सुरू झाली की जास्त बोलणारे जिंकतात. आमच्या गटातल्या एक आजी कधीच वाक्य बोलत नाहीत, फक्त शब्द सांगतात. बार्तीमयच्या उताऱ्याला त्या म्हणाल्या, "झगा." खाली अंथरलेल्या झग्यावरच भिकाऱ्याला भीक पडत असणार. तेवढं एकच त्याच्या मालकीचं, आणि आंधळ्याने फेकलेली वस्तू पुन्हा कशी सापडणार? हे आम्हाला त्यांनी एका शब्दात दाखवलं.

पहिल्या महिन्यासाठी उतारे हवे असतील तर बार्तीमयपासून सुरू करा. मग लूक १० मधल्या मार्था आणि मरिया, लूक २४ मधली अम्माऊसची वाट, योहान ४ मधली विहिरीवरची शोमरोनी स्त्री. हा उतारा लांब आहे, तुकडे करून चार दिवस पुरवा. मध्ये स्तोत्र २३ किंवा १३९ घ्या. एखादा उतारा सोडवेना झाला तर त्याच्यापाशी आठवडाभर राहा. मी "येशू थांबला" या दोन शब्दांवर नऊ दिवस होते.